खोडरबर बाजूला ठेवा : प्रात्यक्षिकाच्या परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचे आराखडे आखणारे, जर्नलवर सह्या करणारे आणि दर वर्षी एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्याच्या कॉलेजात पोहे-चहा घेऊन येणारे माझे सगळे शिक्षक बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच आहे. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, ढिगानं जर्नलं तपासली, पोह्यांचाही यथास्थित समाचार घेतला. आता निवृत्त होऊन घरी बसलो आहे. तेव्हा या पत्रात जिथे 'तुम्ही' असं येईल तिथे 'आपण' असं वाचावं.

निमित्त घरातलंच. भावाची नात यंदा दहावी झाली. गणित-विज्ञानात मार्क उत्तम, त्यामुळे ती सायन्सला जाणार हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ती म्हणाली, "मला काहीतरी क्रिएटिव्ह करायचंय. सायन्स नको." भावानं ते प्रकरण माझ्याकडे पाठवलं, जणू मी विज्ञानाचा सरकारी वकील. मी मोठ्या शास्त्रज्ञांची नेहमीची नावं घ्यायला सुरुवात केली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, दादाचं जर्नल मीच लिहून दिलं होतं, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. सिनिअरच्या जर्नलवरून. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. उत्तर आधीच माहीत असतं. त्यात आपलं काय असतं?"

मी गप्प बसलो. कारण तिनं जे पाहिलं होतं त्यात खरोखरच कोणाचं काही नव्हतं. आणि ते तसं नसण्यात माझाही हातभार होता, हे मला त्याच क्षणी आठवलं.

१९९० च्या आसपासची गोष्ट. अकरावीची बॅच, साधा लोलक. पाच वेगवेगळ्या लांब्या घ्यायच्या, प्रत्येक लांबीला वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. आपल्याकडे ते सेंटिमीटरमध्ये ९७८ च्या आसपास येतं. एक मुलगा जर्नल घेऊन आला. त्याचं उत्तर होतं १०८४. मी म्हटलं, "हे काय? नीट मोज." तो म्हणाला, "सर, पाचही लांब्यांना हेच येतंय." मागे आठ-दहा पोरं सहीसाठी उभी, पुढच्या बॅचची वेळ झालेली. मी म्हटलं, "९७८ च्या जवळ आण, मग सही करतो." त्यानं माझ्यासमोरच खोडरबर काढलं, मान खाली घालून सेकंदांचे आकडे बदलले आणि दहा मिनिटांत ९७८.४ घेऊन आला. मी सही केली. वर 'गुड' असंही लिहिलं असणार, मला सवय होती.

आपल्या भाषेत याला 'रीडिंग कुक करणं' म्हणतात. आपण सगळेच जाणतो आणि हसून सोडून देतो. मीही सोडून दिलं होतं. पण नातीच्या प्रश्नानं ते पान पुन्हा उघडलं, आणि तिला काय उत्तर द्यावं याचा विचार करता करता हे पत्र लांबलं.

माझं म्हणणं असं की विज्ञानालाही कवितेइतकीच प्रतिभा लागते. पहिल्यांदा विरुद्ध बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा घेतो. साहित्यातले माझे मित्र तो नेहमी करतात. तुकोबा जन्मालाच आले नसते, तर त्यांचे अभंग दुसऱ्या कोणाच्या हातून लिहिले गेले नसते. शास्त्रज्ञाचं तसं नाही. हा नाही तर तो, आज नाही तर उद्या, शोध लागणारच. आणि इतिहास त्यांच्या बाजूनं साक्ष देतो. डार्विन वीस वर्षं वह्या भरत बसला होता, तेवढ्यात १८५८ मध्ये मलाया द्वीपसमूहातून वॉलेसचं टपाल आलं, आत नैसर्गिक निवडीची तीच कल्पना. मेंडेलनं वाटाण्याच्या रोपांवरून काढलेले नियम १८६६ मध्ये छापून आले आणि धूळ खात पडले. पण १९०० साली तिघांना ते वेगवेगळे सापडले. आपण ज्या रामन परिणामासाठी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तोच परिणाम १९२८ च्या त्याच फेब्रुवारीत मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात दिसला होता, तोही साधारण आठवडाभर आधी. एकच अभंग एकाच आठवड्यात देहूत आणि मॉस्कोत सुचला, असं कधी ऐकलंय?

नाही ऐकलं. मुद्दा मान्य. पण यावरून माझे मित्र जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. त्यांना वाटतं, सत्य रस्त्यात पडलेल्या नाण्यासारखं असतं; जो आधी वाकला त्याच्या हाती लागलं. या समजुतीला आपली भाषाही थोडी हातभार लावते. मराठीत शोध 'लागतो', जशी लॉटरी लागते किंवा ठेच लागते. पण आपल्याच भाषेत शोध 'घेतात' सुद्धा. पाठ्यपुस्तकं फक्त लागलेला शोध छापतात. घेतलेला शोध, त्यातली भटकंती, फसलेले तर्क, फाडलेले कागद, हे सगळं त्यातून गळून पडतं, आणि कल्पनाशक्तीचा मुक्काम नेमका तिथेच असतो.

केप्लरचं बघा. तो आपल्या जातीचा, म्हणजे मास्तर. १५९५ मध्ये ग्राझच्या शाळेत शिकवताना, फळ्यावर आकृती काढता काढता त्याला एक कल्पना सुचली. तेव्हा माहीत असलेले ग्रह सहा. त्यांच्या मधल्या जागा पाच. आणि भूमितीत सर्व बाजू सारख्या असलेल्या सुसम घनाकृती बरोबर पाचच. एका गोलात एक घनाकृती, तिच्या आत पुढचा गोल, त्यात पुढची घनाकृती, अशा उतरंडीनं देवानं विश्व रचलं असणार. दुसऱ्या वर्षी त्यानं यावर पुस्तक छापलं. सौंदर्याच्या कसोटीवर ही कल्पना कोणत्याही मंदिराच्या शिल्पापुढे उभी राहील. शिल्पकाराला सुचली असती तर ती तिथेच पूर्ण झाली असती, लोकांनी बघून मान डोलावली असती. केप्लरचं मात्र तिथून सुरू झालं. कारण त्याला ती आकाशाकडून मंजूर करून घ्यायची होती.

त्यासाठी तो १६०० मध्ये टायको ब्राहेकडे प्राग शहरी गेला. टायकोकडे दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी घेतलेली त्या काळातली सर्वांत काटेकोर निरीक्षणं होती. केप्लरच्या वाट्याला मंगळ आला. त्यानं वर्तुळं धरून गणित मांडलं, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आकडेमोड केली आणि शेवटी एक मांडणी जवळजवळ जमली. जवळजवळ. काही ठिकाणी मंगळ गणितापासून ८ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) हुकत होता. ८ कला म्हणजे किती? पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण ३० कला असते. तिचा पाव भाग. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या काळच्या निरीक्षणांत १० कलांची चूक सहज खपून गेली असती, हे खुद्द केप्लरलाही माहीत होतं. त्या पोरासारखं त्यालाही खोडरबर घेता आलं असतं आणि सही करायला सगळं युरोप तयार होतं. त्यानं ८ कला ठेवल्या आणि दोन हजार वर्षांचं वर्तुळ टाकलं. मग अंडाकृती कक्षा करून बघितली, तीही फसली, आणि भटकत भटकत तो लंबवर्तुळापाशी आला. १६०९ मध्ये ते छापून झालं.

आकाशात लंबवर्तुळ कुठे काढून ठेवलेलं नाही. तिथे फक्त एक तांबूस ठिपका असतो, तोही आपण फिरत्या पृथ्वीवरून बघतो. त्या ठिपक्याच्या नोंदींतून वक्ररेषा काढायला कोणीतरी ती आधी मनात काढावी लागते. इथवर कवी आणि केप्लर यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही. फरक पुढच्या पायरीवर पडतो, आणि त्याला माझा शब्द आहे 'नकार'. नाही कोण म्हणतं, आणि त्या नाहीचं पुढे काय होतं?

नकार कलावंतालाही मिळतो. वृत्त नकार देतं, राग नकार देतो, स्वतःचा कान देतो, संपादक देतो, रसिक देतात. पण हे सगळे नकार माणसांचे असतात, आणि माणसं बदलतात. मर्ढेकरांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला भरणाऱ्या समाजानंच पुढे त्यांना नवकवितेचे प्रवर्तक म्हणून अभ्यासक्रमात बसवलं. कलावंत आपल्या कलाकृतीनं रसिकाचा कानच बदलून टाकू शकतो. त्याच्या प्रतिभेचा तो मोठा भाग असतो. केप्लर मंगळाची अभिरुची बदलू शकत नव्हता. त्याला एकच वाट मोकळी होती, आपली कल्पना मोडायची आणि दुसरी जन्माला घालायची. आणि मोडणं सोपं नसतं हो. त्या पाच घनाकृतींचं पुस्तक त्यानं पंचवीस वर्षांनी, १६२१ मध्ये, पुन्हा काढलं. पहिलं प्रेम.

इथे कोणी म्हणेल की शास्त्रज्ञांच्या जगातही नकार माणसंच देतात. देतात की. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर पंचविशीही न ओलांडलेले असताना, जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या भर सभेत एडिंग्टननं श्वेतबटू (इंधन संपून आकसलेल्या) ताऱ्यांबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षाची खिल्ली उडवली, आणि एडिंग्टन म्हणजे त्या क्षेत्रातलं सगळ्यात वजनदार नाव. ताऱ्यांनी मात्र एडिंग्टनचं ऐकलं नाही. १९८३ मध्ये चंद्रशेखरांना नोबेल मिळालं. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा, हा प्रश्न वेगळा.

या दोन प्रकारच्या प्रतिभा एकाच माणसात शेजारी शेजारी बघायच्या असतील, तर आपल्या मराठीतच सोय आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला एक विज्ञानकथा पाठवली, टोपणनावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' झाले, आणि जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. ती कथा लिहिताना त्यांना कृष्णविवराभोवती हवं ते घडवण्याची मुभा होती. वाचकाला पटलं की झालं. त्याच माणसानं केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर स्थिर विश्वाच्या बाजूनं काम केलं होतं. सुरुवात नाही, शेवट नाही, प्रसरण पावतानाही सरासरी जसंच्या तसं राहणारं विश्व; कल्पना म्हणून महास्फोटापेक्षा मला ती आजही अधिक देखणी वाटते. १९६५ मध्ये आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं मंद प्रारण सापडलं, ते महास्फोटाची उरलेली ऊब म्हणून ओळखलं गेलं आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी स्थिर विश्वाला रामराम ठोकला. नारळीकर महास्फोटाबद्दल पुढेही शंका घेत राहिले, नवी मांडणी करत राहिले. पण त्या मांडणीलाही दर वेळी निरीक्षणांच्या दारात उभं राहावं लागलं. जगतापांच्या कथेला कधी ते करावं लागलं नाही. यात कथा कमी दर्जाची ठरत नाही. दोन्ही खेळ त्याच मनानं खेळलेले. पंच तेवढे वेगळे.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. त्यात कारागीर, कलावंत आणि शास्त्रज्ञ एकाच कातड्यावर भेटतात.

माझा थोरला भाऊ, म्हणजे वर आलेल्या नातीचा आजोबा, तरुणपणी तबला शिकत होता. पुडीला, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या कातड्याला, शाई लावणाऱ्या कारागिराच्या दुकानात मी त्याच्याबरोबर तासन्‌तास बसलो आहे. लोहकीस आणि खळ यांचा काळा लगदा तो माणूस बोटानं थर थर लावायचा, दगडानं घोटायचा, वाळू द्यायचा, टिचकी मारून ऐकायचा, पुन्हा थर. मध्ये जाड, कडेला पातळ. "किती थर?" असं मी विचारलं तर म्हणायचा, "तो सांगेल तेवढे." तो, म्हणजे तबला.

साधं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे स्वर एकमेकांशी नातं सांगत नाहीत. मूळ स्वराची कंपनसंख्या १ धरली तर पुढचे स्वर १.५९, २.१४ असे आडनिडे येतात. म्हणून ढोल घुमतो, पण षड्जाला मिळत नाही. तबला मिळतो. का? रामन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९२० मध्येच यावर टिपण प्रसिद्ध केलं आणि १९३४ मध्ये सविस्तर लिहिलं. मृदंग-तबल्याच्या पुडीवर बारीक वाळू भुरभुरून, ती कुठल्या रेषांवर गोळा होते हे बघत त्यांनी कंपनांचे नमुने उलगडले. शाईच्या वजनामुळे कातड्याचे ते आडनिडे स्वर सरकून १, २, ३, ४, ५ अशा सरळ पटींच्या जागी येऊन बसतात. कंपनाचे नऊ प्रकार, आणि त्या नवांतून स्वर निघतात ते हे पाचच.

आता यात सर्जनशील कोण, सांगा. शेकडो वर्षांपूर्वी ज्या कोणी पहिल्यांदा वाद्याच्या कातड्यावर मध्यभागी लगदा थापला, त्याचं नाव कोणाला माहीत नाही. त्यानं समीकरण मांडलं नाही, पण लगदा आणि कान घेऊन तो निसर्गाशीच बोलत होता, आणि निसर्ग त्याला सारखा नाही म्हणत होता, जोवर एक दिवस हो म्हणाला नाही. म्हणजे माझा तो 'नकार' केवळ प्रयोगशाळेची मक्तेदारी नाही. कुंभाराच्या भट्टीत आहे, सुगरणीच्या अनारशात आहे. वादकानं त्या मिळालेल्या स्वरांतून कायदे, रेले, तिहाया उभ्या केल्या, घराणी वेगळी झाली. तिथे दिल्लीचं एक आणि पंजाबचं दुसरं असूनही दोन्ही खरी असू शकतात. आणि रामन यांनी एक असा प्रश्न विचारला जो पहिल्या दोघांना कधी पडायची गरजच नव्हती: हे मिळतंच कसं? त्या प्रश्नाला मी नवनिर्मिती म्हणतो. हजारोंनी तबला ऐकला होता. मीही दुकानात बसून ऐकत होतो, तेव्हा मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थीच होतो, आणि मला तो प्रश्न पडला नाही. मला फक्त "किती थर?" एवढंच विचारता आलं.

रामन यांचं उत्तर एकदा मिळाल्यावर सगळ्यांचं झालं. परगावच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ते तपासता येतं आणि तेच उत्तर येतं. विज्ञानातल्या निर्मितीचं हे एक विलक्षण भागधेय आहे. ती जितकी यशस्वी, तितकी निर्मात्याची सही तिच्यावरून पुसली जाते. केप्लरचा ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी वाचलाय? मी नाही वाचला. त्याचे तीन नियम तीन ओळींत येतात आणि काम भागतं. कवितेचा असा सारांश करून बघा, हाती भुसा उरेल. तेव्हा थोडी पुसापुशी विज्ञानाच्या स्वभावातच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की आपण शिक्षक त्यावर आणखी एक हात फिरवतो.

स्वप्नांच्या गोष्टी मात्र आपण आवडीनं सांगतो. रसायनशास्त्रज्ञ केकुलेला म्हणे शेपूट तोंडात धरलेला साप दिसला आणि बेंझीनच्या रेणूचं कडं सुचलं. ती गोष्ट त्यानं स्वतः सांगितली ती १८९० मध्ये, म्हणजे शोधानंतर पंचवीस वर्षांनी, एका सत्कार समारंभात. सत्कारातली भाषणं किती विश्वासानं घ्यायची ते आपण जाणतोच. मला ऑटो लोवीची गोष्ट जास्त पटते. बेडकाच्या हृदयाला मज्जातंतूचा संदेश रसायनातून मिळतो का, हे ठरवायचा प्रयोग त्याला स्वप्नात सुचला. अर्धवट झोपेत त्यानं चिठ्ठीवर काहीतरी खरडलं, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच पुन्हा सुचलं. या खेपेला तो उठला आणि थेट प्रयोगशाळेत गेला. १९२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, १९३६ मध्ये नोबेल. विद्यार्थ्यांना सांगताना आपण स्वप्नापाशी थांबतो. रात्री तीनला उठून बेडूक शोधायला जाणं कोणी सांगत नाही.

आणि आता थेट आपल्या टेबलावर येतो, वजनकाट्यापाशी. लॉर्ड रॅली हा माणूस वायूंच्या घनता मोजत होता. काम कंटाळवाणं, आपल्या प्रात्यक्षिकासारखंच. नायट्रोजन त्यानं दोन प्रकारे मिळवला: एक हवेतून इतर वायू काढून टाकून, दुसरा अमोनियापासून. दोन्हींची घनता एकच यायला हवी. आली जवळजवळ एकच. हजारात एकाचा फरक. आपल्या प्रयोगशाळेत हा फरक दिसला असता तर 'उत्कृष्ट' म्हणून शेरा मिळाला असता. रॅलीनं काय करावं? फरक कमी करायची खटपट न करता त्यानं तो वाढवायची युक्ती काढली. पहिल्या खेपेला अमोनियाच्या पद्धतीतही थोडा हवेतला नायट्रोजन मिसळत होता. तो पूर्ण बंद करून, हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरून, सगळाच नायट्रोजन अमोनियातून घेतला. फरक फुगून दोनशेत एक झाला. त्याच भांड्यात हवेतला नायट्रोजन २.३१० ग्रॅम भरत होता आणि रासायनिक २.२९९ ग्रॅम, जेमतेम ११ मिलिग्रॅमचा फरक. त्याआधी, पहिला छोटा फरक दिसला तेव्हाच, १८९२ मध्ये त्यानं 'नेचर' नियतकालिकात चक्क पत्र लिहून विचारलं होतं की याचं कारण कोणाला सुचतंय का. पुढे रसायनशास्त्रज्ञ रॅम्से त्याच्या जोडीला आला आणि १८९४ मध्ये जाहीर झालं की हवेत एक अनोळखी वायू आहे, कशाशीच संयोग न पावणारा. आर्गॉन. आपण घेतो त्या दर श्वासात तो जवळजवळ एक टक्का असतो.

याची आणखी एक गंमत. त्याच्या शंभरावर वर्षं आधी, १७८५ मध्ये, कॅव्हेंडिशनं हवेतला नायट्रोजन ठिणग्यांनी संपवत आणला होता, तेव्हा एक लहानसा बुडबुडा उरला, एकशेविसाव्या भागाहूनही कमी. त्याचं काय करावं ते त्याला कळलं नाही. पण त्यानं तो लिहून ठेवला. खोडला नाही. म्हणून शतकानंतर रॅली आणि रॅम्से यांना तो सापडला.

माझ्या मते विज्ञानातल्या प्रतिभेचा अस्सल नमुना हा आहे. फरक वाढवायची कल्पना. यात साप नाही, स्वप्न नाही, सभेत टाळ्या मिळतील असं काही नाही. पण न जुळणाऱ्या आकड्याकडे बघून 'ही चूक असेल' असं म्हणायच्या ऐवजी 'ही बातमी असेल तर?' असं म्हणायला जे मन लागतं, ते कवीच्या मनाइतकंच दुर्मीळ आहे. फार तर अधिक संशयी. कवीला सुचलेल्या ओळीवर जीव टाकता येतो. याला सुचलेल्या गोष्टीवर जीवही टाकायचा आणि तिच्या मुळावरही उठायचं.

आणि आपण अकरावीतल्या पोराला काय शिकवतो? बातमी खोडायला.

तेव्हा माझ्या मागण्या. फार नाहीत आणि खर्चाच्या तर मुळीच नाहीत.

जर्नल शाईच्या पेननं लिहायला लावा आणि निरीक्षणांच्या तक्त्यात खाडाखोड चालेल पण पुसापुशी चालणार नाही असा नियम करा. चुकलेला आकडा एका रेघेनं खोडायचा, खालचा वाचता आला पाहिजे. जर्नल नीटनेटकं दिसणार नाही. न दिसू दे. आपण सुलेखनाची परीक्षा घेत नाही.

बारावीच्या भौतिकशास्त्राला प्रात्यक्षिकाचे ३० गुण असतात. त्यातले निदान ५ गुण उत्तराच्या जवळिकीला न देता फरकाच्या चर्चेला द्या. उत्तर अपेक्षेहून वेगळं आलं, तर का आलं असेल याची दोन कारणं विद्यार्थ्यानं सुचवावी आणि त्यातलं एक कसं तपासता येईल ते सांगावं. 'मानवी त्रुटी' आणि 'उपकरणातील दोष' ही दोन छापील उत्तरं शून्य गुणांची समजावी. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी त्याच्याच तक्त्यातल्या एका वेड्यावाकड्या आकड्यावर बोट ठेवून "हा असा का?" एवढं विचारा. मुलं पहिली दोन वर्षं गोंधळतील. आपणही गोंधळू, कारण याचं उत्तर गाइडमध्ये नसेल.

वर्षातून एक प्रयोग असा ठेवा, ज्याचं उत्तर शिक्षकालाही माहीत नाही. कॉलेजच्या टाकीतलं पाणी दुपारी किती तापतं आणि का, जिन्यातला आवाज कुठल्या पायरीवर घुमतो, अशासारखा. तबल्याला किती थर, हाही चालेल.

तुमची अडचण मी जाणतो. बॅचमध्ये पोरं खच्चून भरलेली, स्टॉपवॉच निम्मी बंद, अभ्यासक्रम संपवायचा, वर क्लासवाले. पाच मिनिटांत एक जर्नल, त्यात चर्चा कुठली? मीही हेच म्हणायचो. त्या पोराच्या मागे आठ-दहा जण उभे होते, हे खोटं नाही.

पण परवा नात तिच्या घरी परत गेल्यावर मी त्या १०८४ चा विचार करत बसलो. एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. पाचही लांब्यांना तेच उत्तर येत होतं, हे तो स्वतः सांगत होता. निष्काळजी पोराची रीडिंग विखुरतात, एक ९००, एक ११००. याची एकमेकांशी घट्ट जुळत होती. म्हणजे पोरगा काळजीपूर्वक मोजत होता, आणि दर वेळी तंतोतंत सारखंच काहीतरी वेगळं करत होता. काय? लांबी चुकली असती तर आखूड दोऱ्याला फरक जास्त आणि लांब दोऱ्याला कमी पडला असता. मग वेळ? लोलक सोडताना त्यानं 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हटलं असेल तर? तसं झालं तर 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं होतात एकोणीस, आणि तो भागतो विसानं. विजेच्या बिलाच्या पाठीमागे गणित केलं. वीस भागिले एकोणीस, त्याचा वर्ग, १.१०८. गुणिले ९७८. उत्तर १०८३.६.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत जे कधी झालं नाही ते विजेच्या बिलावर झालं. नातीला फोन लावला, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण आजोबा, १०८४ च होतं हे कशावरून? इतक्या वर्षांपूर्वीचा आकडा तुम्हाला बरोबर आठवतोय, की आता तुम्ही जुळवून घेतलात?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. कागद असता तर बघता आलं असतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक